सुगंधपात्राचा तास

हातबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते शाळेतल्या मुलांनी पाडलं, आणि मग संग्रहालयाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून थेट साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. संग्रहालयाच्या जिन्याखाली एक खोली होती. पूर्वी तिथं पाहुण्यांच्या छत्र्या आणि पिशव्या ठेवत. आता तिथं काळं कापड अंथरलेलं टेबल होतं, त्यावर वरून वाकून बघणारा कॅमेरा होता आणि समोरच्या भिंतीवर पडदा. आठवड्यातले चार दिवस कुठल्या तरी लांबच्या शाळेतला वर्ग त्या पडद्यावर यायचा. तिकडं वर्गातल्या मुलांना मात्र दिसायचे ते बाईंचे दोन हात आणि त्या हातांतली वस्तू. चेहरा नाहीच.

"माझ्याकडं काय बघायचंय? मी काय हजार वर्षांची आहे?" असं त्या म्हणायच्या.

अकरा वर्षं हे असं चाललं होतं. बाईंची पद्धत ठरलेली. वस्तू कापडावर ठेवायची आणि पहिली तीन मिनिटं तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. मुलांनी बघायचं, काय दिसतं ते बोलायचं, भांडायचं. मग बाई बोलणार. नव्या शिक्षकांना ही तीन मिनिटं फार जड जात. लाइन तुटली की काय म्हणून ते घाईघाईनं वायरी हलवायला उठत.

संग्रहालयाचे साहेब नवे होते, येऊन आठ महिने झालेले. माणूस वाईट नव्हता, आणि बाईंचं दुखणं तेच होतं. वाईट माणसाशी भांडायला काय लागतं? साहेब हसून बोलायचे, खुर्ची पुढं करायचे आणि मग सुरी चालवायचे. त्या सोमवारी त्यांनी बाईंना बोलावलं आणि कागदांची एक चळत पुढं सरकवली.

"वीस वस्तूंवर वीस फिल्म," साहेब म्हणाले. "हात तुमचेच, आवाजही तुमचाच. संहिता तयार आहे. एकदा रेकॉर्ड केलं की तीन हजार शाळांना एका दिवसात पाठवता येईल. तुम्ही वर्षभर घसा फोडून किती शाळा करता?"

"सव्वाशे."

"बघा म्हणजे झालं."

"आणि मुलांनी काही विचारलं तर?"

"संहितेत शेवटी नेहमी येणारे प्रश्न घातलेत. उत्तरांसकट."

बाईंनी चळत चाळली. खरंच होतं. प्रश्नसुद्धा साहेबांनीच विचारून टाकले होते. मुलांना करायला काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

"म्हणजे थेट तास बंद?"

"पुढच्या महिन्यापासून. या शुक्रवारी पहिली फिल्म करू, अकरा वाजता. सुगंधपात्रापासून. सोमवारी ती विश्वस्तांना दाखवायची आहे. त्या वेळेला कुठला तास लावला असेल तर रद्द झाल्याचं त्या शाळेला कळवा." साहेबांनी टेबलावरचा दुसरा एक कागद पुढं ओढला. "तुमच्या कराराचा कागदही माझ्या टेबलावर आलाय. यंदा तो दोन वर्षांचा करावा असं मनात आहे."

बाईंना राग आला तो यातल्या शेवटच्या वाक्याचा. पण त्यांनी कागद उचलले आणि जिन्याखाली येऊन बसल्या.

सुगंधपात्र ही संग्रहालयाची शान होती. मधल्या दालनात, एकट्याच काचेच्या पेटीत, पितळी कड्यावर बसवलेलं मातीचं भांडं. आकारानं लहानशा भोपळ्याएवढं. खालची बाजू घुमटासारखी गोल, त्यामुळं ते कड्याशिवाय उभंच राहत नसे. वरची बाजू चकतीसारखी सपाट आणि बंद. त्या चकतीच्या लगत, कडेला, एक छोटीशी पन्हळ बाहेर आलेली आणि तिच्या मुळाशी एक भोक. पाटीवर लिहिलं होतं की मोठ्या घराण्यातले लोक त्या पन्हळीत बोट बुडवून सुगंधी तेल कानामागं लावत. भांडं जमिनीवर उभं राहत नसल्यामुळं 'एक सेवक ते सदैव हातात धरून उभा असावा.' पस्तीस वर्षं हा बिचारा सेवक त्या 'असावा'वर उभा होता. फाटकावर, तिकिटावर, चहाच्या कपावर, सगळीकडं त्याच भांड्याचं चित्र होतं.

मंगळवारी अकरा वाजता पडद्यावर जो वर्ग आला तो डोंगरावरच्या एका शाळेचा, चौथीचा. सत्तावीस मुलं आणि एक उंच मास्तर. या मुलांना संग्रहालयात यायचं तर दोन दिवस मोडले असते, म्हणून त्यांना दोन तास लावलेले. मंगळवारी वस्तू बघायची, शुक्रवारी प्रश्न विचारायचे. बाईंनी सुगंधपात्राची नक्कल कापडावर ठेवली. संग्रहालयाच्या कार्यशाळेतल्या कुंभारानं ती मूळ भांड्याच्या मापानं हुबेहूब घडवली होती, शिकवण्यासाठीच. खाली कडं, वर भांडं, पन्हळ समोर.

बाई गप्प बसल्या.

"भोपळा आहे," एकजण म्हणाला.

"मातीचा आहे."

"त्याला ओठ आहे."

"त्याला खाली अंगठी कशाला घातलीय?"

"नाहीतर पडेल ना, वेड्या."

मग खिडकीजवळची दोन वेण्यांची एक मुलगी उठून उभी राहिली. ती मान वाकडी करून पडद्याकडं बघत होती, इतकी वाकडी की तिची एक वेणी बाकावर टेकली होती.

"बाई, ते पालथं करा."

तीन मिनिटं संपली नव्हती, तरी बाईंनी तोंड उघडलं. "म्हणजे कसं?"

"वरचं खाली. कुणीतरी उलटं ठेवलंय."

"बस खाली," मास्तर म्हणाले. "संग्रहालयातली माणसं उलटं कशाला ठेवतील?"

"नको, उभी राहू दे तिला," बाई म्हणाल्या. त्यांनी कडं बाजूला सारलं आणि भांडं उलटं करून ठेवलं. सपाट चकती खाली, घुमट वर. ते कापडावर पक्कं बसलं. बाईंनी बोटानं ढकलून बघितलं, तरी हललं नाही. पन्हळ आता खाली, टेबलाच्या अगदी जवळ आली होती.

"आता बरोबर," वेणीवाली म्हणाली. "माझ्या आजीकडं असंच आहे, प्लास्टिकचं. कोंबडीच्या पिल्लांना पाणी प्यायला. वाटीत पाणी ठेवलं तर पिल्लं बुडतात ना. यातून थोडंथोडंच येतं."

वर्गात हशा पिकला. बाईंना मात्र एकदम कोठार आठवलं. कोठाराच्या यादीत अशी आणखी सात भांडी होती, सगळी एकाच घराच्या अंगणात सापडलेली. एका घरात आठ सुगंधपात्रं म्हणजे केवढी ती श्रीमंती, असं त्या स्वतः अकरा वर्षं सांगत आल्या होत्या. अंगणात! आठ! आणि आपल्याला कधी शंकाही आली नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"पाणी घालून बघा बाई," वेणीवाली म्हणाली.

"शुक्रवारी सांगते," बाई म्हणाल्या.

तास संपल्या संपल्या त्या साहेबांकडं गेल्या. वाटेत कोठारात शिरून त्यांनी जुनी नोंदवही काढली होती. पहिली नोंद करणाऱ्यानं भांडं खोक्यातून जसं बाहेर आलं तसंच रेखाटलं होतं, घुमट खाली. पुढच्यानं त्या चित्रावरून कडं बनवून घेतलं. त्याच्या पुढच्यानं कड्यावरून सेवक उभा केला. भांडं हातात घेऊन फिरवून बघायची तसदी कुणीच घेतली नव्हती.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कोंबड्या," ते म्हणाले.

"हो."

"आपल्या फाटकावर कोंबड्यांचं पाणी पिण्याचं भांडं आहे, असं तुमचं म्हणणं."

"माझं नाही, चौथीतल्या मुलीचं. पण मला पटतंय."

"बाई, तज्ज्ञांना लिहू. समिती नेमू. दोन-तीन वर्षांत काय ते ठरेल. तोवर पाटीवर आहे तेच फिल्ममध्ये जाईल."

"तीन हजार शाळांत?"

"तीन हजार शाळांत."

"आणि तिथं एखादी मुलगी उठून म्हणाली की हे उलटं आहे, तर ती कुणाला सांगणार? फिल्मला?"

साहेब हसले. "मुलं काहीही म्हणतात हो. शुक्रवार अकरा. संहितेप्रमाणे."

त्या संध्याकाळी बाईंनी नक्कल कापडी पिशवीत घालून घरी नेली. नक्कलसुद्धा इमारतीबाहेर न्यायची नाही असा नियम होता, पण त्या दिवशी बाईंच्या मनात नियमांना फारशी जागा उरली नव्हती. घरी सासरे स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले होते. जन्मभर नळ आणि पाइप दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस, पण शेजारपाजारच्या नळांना त्यांच्याशिवाय अजून कुणी हात लावत नसे. बाईंनी भांडं ओट्यावर हातानं धरून ठेवलं, पन्हळीतून पाणी भरलं आणि जपून, हळूहळू उलटं केलं. सगळं पाणी भसकन जमिनीवर. बाईंचा नवरा मुकाट्यानं फडकं घेऊन आला.

"सूनबाई, हे काय लाजत लाजत चाललंय?" सासरे म्हणाले. "हळू केलंस तर हवा आत शिरणारच. एका झटक्यात पालथं कर."

"फुटलं तर बाबा?"

"मग दुसरं घडवतील. कर."

बाईंनी पुन्हा भरलं आणि एका झटक्यात पालथं करून ओट्यावर टेकवलं. पन्हळीत पाणी आलं, काठाच्या किंचित खाली पोचलं आणि थांबलं. वरचा घुमट पाण्यानं भरलेला, खाली भोक उघडं, आणि तरी पाणी जागच्या जागी. सासऱ्यांनी चमच्यानं पन्हळीतलं थोडं पाणी काढलं. आत एक बुडबुडा गुडगुडला, काढलं तेवढंच पाणी पुन्हा आलं आणि पुन्हा थांबलं.

"हवा आत गेल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही," सासरे म्हणाले. "मी चाळीस वर्षं याच्यावर तुमची पोटं भरली. ज्यानं हे केलं तो माणूस हुशार होता बघ. तेलासाठी नाही केलेलं हे. तेलासाठी असली आपोआप चालू-बंदची सोय कुणाला हवी?"

"साहेब म्हणतात, समिती नेमू."

"समितीला तहान लागते का?"

बाई हसल्या, पण त्यांना रात्रभर नीट झोप आली नाही. दोन वर्षांचा करार ही काही लहान गोष्ट नव्हती. मुलीचं कॉलेज अजून व्हायचं होतं. संहिता वाचून मोकळं व्हायला वीस मिनिटं पुरली असती, आणि आपल्या हातांवर कुणी 'खोटं' असं लिहून ठेवणार नव्हतं. पण सकाळी चहा गाळताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला भीती साहेबांची नाही, त्या वाकड्या मानेच्या मुलीची वाटतेय. तीन हजार शाळांतल्या तसल्या प्रत्येक मुलीला मास्तर 'बस खाली' म्हणतील, आणि इथून 'उभी राहू दे तिला' म्हणायला कुणी नसेल.

शुक्रवारचा तास रद्द झाल्याचा निरोप शाळेला पाठवायचा होता. ते काम बाईंचंच. त्यांनी तो पाठवला नाही.

शुक्रवारी पावणेअकराला साहेब स्वतः जिन्याखाली आले. नवा कोट घातलेला. ते काही फिल्ममध्ये दिसणार नव्हते, तरीही. केबलदादा यंत्राशी बसला होता. गेली सहा वर्षं बाईंच्या तासाच्या सगळ्या तारा आणि लाइन तोच सांभाळायचा, आणि दिवसाला चार वाक्यांच्या वर बोलायचा नाही. टेबलावर कडं, कड्यावर नक्कल, शेजारी संहिता. टेबलाखाली बाईंनी पाण्यानं भरलेला एक जग ठेवला होता. केबलदादाला तो दिसला. त्यानं तारांची वेटोळी जगापासून हातभर लांब सरकवली आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसला.

"रेकॉर्डिंग चालू," तो म्हणाला.

बाईंनी वाचायला घेतलं. "मुलांनो, आपल्यासमोर आहे आपल्या संग्रहालयाचा मानबिंदू…"

टुंग टुंग टुंग. भिंतीवरचा पडदा वाजायला लागला.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"शाळा," बाई म्हणाल्या.

"तास रद्द केला होता ना?"

"नाही केला." आणि बाईंनी बटण दाबलं.

सत्तावीस मुलं पडद्यावर आली. "नमस्कार बाईऽऽ!" वेणीवाली आज पहिल्या बाकावर बसली होती, बहुतेक भांडून.

"बाई, पाणी घालून बघितलंत का?"

"घरी बघितलं," बाई म्हणाल्या. "पण मी सांगून काय उपयोग? तुम्हीच बघा."

त्यांनी संहिता उलटी करून बाजूला ठेवली आणि जग वर घेतला. साहेब दबक्या आवाजात "बाई, बाई" म्हणत होते. बाईंनी पन्हळीतून भांडं काठोकाठ भरलं, दोन्ही हातांनी धरलं आणि एका झटक्यात पालथं करून काळ्या कापडावर टेकवलं. थोडं पाणी सांडलं. मग पन्हळीत पाणी चढलं आणि थांबलं.

डोंगरावरच्या त्या वर्गातली मुलं बाकांवरून पुढं झुकली. बाईंनी चमच्यानं थोडं पाणी काढलं. गुडगुड. पन्हळ पुन्हा भरली, पुन्हा थांबली.

मग जो आरडाओरडा झाला तो माइकला पेलला नाही. मुलं बाकांवर चढली. मास्तर त्यांना खाली उतरवायचं सोडून स्वतःच पडद्याला नाक लावून उभे होते. वेणीवाली तेवढी शांत होती. तिला हे आधीपासून ठाऊक होतं.

साहेबांना आता राहवेना. त्यांनी हात पुढं केला आणि भांडं उचलायला गेले. कॅमेरा वरून बघत होता, त्यामुळं वर्गाला दिसला तो फक्त एक नवा हात, कोटाच्या बाहीतला, मोठ्या घड्याळाचा.

"बाई, हा तिसरा हात कुणाचा?"

"हे आपले साहेब," बाई म्हणाल्या. "संग्रहालय त्यांचं आहे."

"नमस्कार साहेबऽऽ!"

घड्याळाचा हात अवघडून जागीच थांबला. साहेब सभ्य माणूस होते. सत्तावीस नमस्कारांना उत्तर न देणं त्यांना जमलं नाही.

"नमस्कार मुलांनो," ते म्हणाले. "छान प्रयोग झाला. पण हा फक्त एक तर्क आहे, बरं का. आपल्या नोंदीप्रमाणे हे सुगंधपात्र आहे."

"नोंद कुणी केली?" वेणीवालीनं विचारलं.

"मोठ्या अभ्यासकांनी."

"त्यांच्याकडं कोंबड्या होत्या का?"

साहेबांनी बाईंकडं बघितलं. बाईंनी मदत केली नाही. त्या पन्हळीकडं बघत राहिल्या.

साहेबांनी माइकपासून तोंड वळवलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही हे मुद्दाम केलंत. करार विसरा. केबलदादा, सगळं बंद करा."

आवाज खाली आणला तरी माइक चालूच होता. वर्गातला गलबला हळूहळू विरला. मुलं बाकांवरून आपणहून खाली उतरली. मोठी माणसं भांडताना मुलं जशी बसतात तशी ती बसली.

केबलदादाचा हात दोन बटणांवर होता. एक रेकॉर्डिंगचं, एक लाइनचं. त्यानं साहेबांकडं बघितलं नाही, बाईंकडं बघितलं.

"रेकॉर्डिंग बंद करा, दादा," बाई म्हणाल्या. "तास चालू राहील."

दादानं एकच बटण दाबलं. लाल दिवा विझला. पडद्यावर वर्ग होता तसाच होता.

"हे बघा साहेब," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आवाज मुळीच खाली आणला नाही. "करार तुमच्या टेबलावर आहे, तो फाडा. पण ही मुलं काही माझ्या करारावर येत नाहीत. पस्तीस वर्षं आपण सगळे शिकलेसवरलेले लोक एक भांडं उलटं ठेवून बसलो, ते हिनं मान वाकडी करून दोन मिनिटांत सरळ केलं. मला लाज वाटली. तुम्हाला वाटत नसेल तर तसं हिला सांगा. इथंच सांगा. फिल्म काढून तिच्याआड लपू नका."

साहेबांचे कान लाल झाले होते. दुसऱ्या हातानं त्यांनी बाजूची संहिता चाचपली, पण या ठिकाणी काय बोलायचं ते तिच्यात लिहिलेलं नव्हतं.

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. मंगळवारी तो एकदाही बोलला नव्हता, आणि आताही त्याचा आवाज जेमतेम येत होता.

"बाई, तास बंद होणार का?"

"कोण म्हणालं?"

"आत्ता ते म्हणाले. सगळं बंद करा म्हणून."

"बाळ, आपला पुढचा तास मंगळवारी अकराला," बाई म्हणाल्या. पुढच्या मंगळवारी या शाळेचा तास नव्हताच. तो त्यांनी त्या क्षणी लावला. "या भांड्याची सात भावंडं कोठारात पडलीत. ती एकेक करून इथं ठेवू आणि तुम्ही तपासा. बरोबर ना, साहेब?"

सत्तावीस मुलं त्या घड्याळाच्या हाताकडं बघत होती. पडद्यावर साहेबांचं तेवढंच काय ते होतं. हात काळ्या कापडावर थोडा सरकला, सांडलेल्या पाण्यात बाही भिजली, आणि साहेब घशातल्या घशात काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं, साहेब," हातबाई म्हणाल्या. "मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे."